पन्हाळ्याकडे पाठ, पेरिपॅटसचं पाठांतर

२०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांती गेली. धड्याचं नाव ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ होतं, ते नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. राज्य मंडळाच्या मुलांचं मात्र काही बिघडलं नाही. बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान-तंत्रज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. महाराष्ट्राने धडा ठेवला याचं आपल्याकडच्या पुरोगामी मंडळींना समाधान आहे, आणि शाहू महाराजांच्या गावात ते जरा जास्तच आहे.

हे समाधान घाईचं आहे. धडा छापलेला असणं वेगळं आणि उत्क्रांती शिकवली जाणं वेगळं. त्या धड्यातून मुलांच्या हाती पडते ती पुराव्यांची यादी: अवशेषांगे, पुराजीवविषयक पुरावे, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञानविषयक पुरावे. यादी पाठ होते, गुण मिळतात. पण पुरावा खरा की खोटा हे कसं ठरवतात, तो कुठे फसतो, फसला तर पकडतो कोण, हे काही त्या यादीत नसतं. मग उत्क्रांती म्हणजे सरांनी सांगितलेली आणखी एक गोष्ट. उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी दुसरी गोष्ट सांगितली की पहिली पुसली जाते.

‘जोडणारे दुवे’च घ्या. पेरिपॅटस हा वलयी प्राणी आणि संधिपाद प्राणी यांना जोडणारा दुवा, असं वर्षानुवर्षं शिकवलं जातं. एका बाजूला गांडूळ, दुसऱ्या बाजूला झुरळ, मध्ये पेरिपॅटस. दिसायला पटतं. पण १९९७ मध्ये जनुकांच्या तुलनेवरून प्राण्यांच्या वंशवृक्षाची मांडणीच बदलली. झुरळ, खेकडा, गोलकृमी असे कात टाकणारे प्राणी एका फांदीवर गेले आणि पेरिपॅटसचं कुळही त्यांच्यात गेलं. गांडूळ गेलं दुसऱ्या फांदीवर, गोगलगायीच्या शेजारी. पावसाळ्यात परड्यात दिसणारी गांडूळ आणि गोगलगाय ही एकमेकांची जवळची भाऊबंद, झुरळ दोघांनाही लांबचं. मग पेरिपॅटस नेमकं कुणाला कुणाशी जोडतो? शिवाय तो आजचा, जिवंत प्राणी आहे. त्याचा एक भाऊबंद अरुणाचलच्या सियांग खोऱ्यात १११ वर्षांनी पुन्हा सापडल्याची बातमी २०२४ मध्येच आली. आजच्या प्राण्याला आजच्याच दुसऱ्या प्राण्याचा दुवा म्हणणं म्हणजे चुलतभावाला आजोबा म्हणून हाक मारणं. प्लॅटिपसचंही तेच. त्याची चोच ही पाण्यातल्या भक्ष्याचे विजेचे सूक्ष्म संकेत टिपणारी, त्याची स्वतःची कमाई आहे. ‘सरीसृप आणि सस्तन यांच्यामधला अर्धवट प्राणी’ असं त्याला म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे, आणि विद्यार्थ्याची फसवणूकही.

दुसरी अडचण कार्बनी वयमापनाची. ते धड्यात जीवाश्मांच्या शेजारी येतं. पद्धतीत चूक काही नाही, शेजार चुकीचा आहे. मुलं त्यातून एवढंच उचलतात की डायनोसॉरच्या हाडांचं वय कार्बनने काढतात. कार्बन-१४ चा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांत जवळजवळ नऊ अर्धायुकाल होतात आणि मूळ कार्बनचा चारशेवा हिस्साही उरत नाही. त्यापलीकडे बाहेरून चिकटलेला चिमूटभर ताजा कार्बनसुद्धा उत्तर बिघडवतो. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. तेवढ्यात कार्बनचे साडेअकरा हजार अर्धायुकाल उलटतात.

हे फळ्यावर सांगण्यापेक्षा चिंचोक्यांनी करून घ्यावं. चिंचोके मधोमध फोडा. एक बाजू काळी, एक पांढरी अशा १२८ फाका घ्या. सुपात पाखडून टाका, पांढरी बाजू वर आलेल्या बाजूला काढा, उरलेल्या मोजा. पुन्हा टाका. ६४, ३२, १६, ८ असे आकडे यायला हवेत. ते तसे येत नाहीत. फाकेचा काळा भाग फुगीर आणि पांढरा सपाट असल्यामुळे दोन्ही बाजू सारख्या पडत नाहीत. इथे बरेच शिक्षक आकडे ‘दुरुस्त’ करून घेतात, आणि प्रयोगाची किंमत तिथेच संपते. करायचं ते उलट: आधी शंभर वेळा टाकून काळी-पांढरी किती पडते ते मोजायचं आणि त्या प्रमाणाने हिशेब मांडायचा. यालाच मापन जुळवून घेणं म्हणतात. आठच्या खाली आलं की आकडे कसेही उड्या मारतात. पन्नास हजार वर्षांपलीकडे कार्बन का चालत नाही, हे मुलांना तिथे आपोआप कळतं.

मग कोट्यवधी वर्षं मोजायची कशी? याचं उत्तर कोल्हापूरच्या मुलांना वीस किलोमीटरवर उभं आहे, आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलोय.

पन्हाळगड म्हटलं की बाजीप्रभू आणि सिद्दी जौहर आठवणं साहजिक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून तो जागतिक वारसा यादीत गेला, तेही योग्यच झालं. पण त्याआधी कितीतरी वर्षं भूशास्त्राच्या पुस्तकांत पन्हाळ्याचं नाव जगभर वाचलं जातंय, हे पन्हाळ्यावर झुणका-भाकर खाणाऱ्या शंभरांतल्या नव्याण्णवांना ठाऊक नसतं. दख्खनचा लाव्हा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. रासायनिक बनावटीवरून त्याचे शैलसमूह पाडले गेले. सगळ्यांत वरच्या वाई उपगटात खालून वर नावं लागतात ती अशी: पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. देसूर बेळगावजवळचं. हे थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत. त्यामुळे महाबळेश्वरला माथ्याजवळ असलेले थर कोल्हापूरकडे येता येता खाली उतरतात आणि त्यांच्यावरचे, म्हणजे नंतरचे थर इथे बघायला मिळतात.

कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पन्हाळ्याचा माथा सुमारे ९७५ मीटर. वाघबीळवरून वर चढताना ही सव्वाचारशे मीटरची चढण म्हणजे एकावर एक रचलेल्या लाव्हाच्या थरांची चळत आहे. प्रत्येक प्रवाहाचे भाग ओळखता येतात. तळाशी नळीसारखी उभी छिद्रं, मध्ये घट्ट काळा दगड, वर वायूच्या बुडबुड्यांनी चाळण झालेला थर. त्या बुडबुड्यांत नंतर पांढरे झिओलाइट, कॅल्साइट किंवा गारेचे खडे भरले. दोन प्रवाहांच्या मध्ये कुठेकुठे वीतभर ते हात-दोन हात जाडीचा तांबडा मातकट पट्टा असतो. तो पट्टा म्हणजे खालचा लाव्हा निवल्यावर पुढचा येईपर्यंत गेलेला काळ. सगळ्यांत वर जांभ्याची टोपी. तीच मसाई पठारावरही आहे.

तो तांबडा पट्टा फार मोलाचा आहे. वय काढायला उपयोगी पडणारे झिरकॉनचे स्फटिक बेसाल्टमध्ये सहसा तयार होत नाहीत. पण लांबच्या स्फोटक ज्वालामुखीची राख त्या तांबड्या मातीत पडून राहिली असेल तर तिच्याबरोबर झिरकॉन येतात. झिरकॉन तयार होताना युरेनियम आत घेतो, शिशाला जवळजवळ थारा देत नाही. म्हणून आत सापडणारं शिसं हे युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. ६.६ कोटी वर्षांत युरेनियम-२३८ चा फक्त शंभरावा हिस्सा क्षय पावतो, पण तेवढा मोजता येतो. डायनोसॉर या लाव्हामुळे संपले की लघुग्रह आदळल्यामुळे, हा वाद जुना आहे. २०१९ मध्ये ब्लेअर शोन आणि सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातल्या अशा पट्ट्यांवरून मांडलं की लाव्हा चार मोठ्या झटक्यांत आला आणि त्यातला एक झटका डायनोसॉर संपण्याच्या काही दशसहस्र वर्षं आधी सुरू झाला. त्याच वेळी ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या त्याच अंकात कोर्टनी स्प्रेन, पॉल रेन आणि सहकाऱ्यांनी लाव्हातल्याच खनिजांचं आर्गॉनने (खनिजातल्या पोटॅशियमच्या क्षयातून आत साठणाऱ्या वायूने) वय काढून सांगितलं की बहुतांश लाव्हा, जवळजवळ तीन चतुर्थांश, डायनोसॉर संपल्यानंतर आला.

दोघांपैकी खरं कोण? दहावीच्या मुलांना विचारायचा प्रश्न हाच, कारण दोन्ही पद्धती कुठे फसतात ते सांगता येतं. झिरकॉन त्या राखेच्या आधीच कुठेतरी तयार होऊन मातीत वाहत आलेला असेल तर पट्टा आहे त्याहून जुना भासतो. शिवाय बऱ्याच पट्ट्यांत एकही कण मिळत नाही. उलट खनिज कुजून त्यातला आर्गॉन निसटला असेल तर लाव्हा आहे त्याहून तरुण भासतो. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, पिन्सेली हल यांच्या चमूने समुद्रतळाच्या गाळातून तापमानाची नोंद वाचून लघुग्रहाच्या बाजूने कौल दिला. वाद संपला असं कुणी म्हणू नये. पण वाद पुराव्यावर चाललाय आणि तो पुरावा आपल्या डोंगरातला आहे.

पन्हाळ्यापुरतं एक मात्र दोन्ही बाजूंना मान्य आहे. पन्हाळा समूहाचा लाव्हा डायनोसॉर संपल्यानंतरचा. याचा एक सुंदर स्वतंत्र पुरावाही आहे. लाव्हा निवताना त्या वेळची पृथ्वीची चुंबकीय दिशा त्याच्यात गोठते. डायनोसॉर संपले तेव्हा ती दिशा आजच्या उलटी होती. पन्हाळा समूहातल्या लाव्हात ती आजच्यासारखी सुलटी सापडते. ती दिशा पालटेपर्यंत मध्ये गेलेला काळ धरला तर हे थर काही लाख वर्षांनी नंतरचे ठरतात. तेव्हा ‘पन्हाळ्यावर डायनोसॉरचं हाड सापडलं’ अशी पोस्ट कधी फिरलीच, तर पाठवणाऱ्याला विचारायला हा एवढा मुद्दा पुरे. (शाळेतलं होकायंत्र कड्याला लावून हे बघायला जाऊ नये. माथ्यावरच्या वीज पडलेल्या दगडाशेजारी सुई भलतीकडेच फिरते आणि मुलं चुकीचा निष्कर्ष घेऊन घरी जातात.)

कुणी म्हणेल, हा झाला दगडाचा अभ्यास, जीव कुठे आहे? जीव उसाच्या पानात आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथे दगड झालेल्या विष्ठेचे गोळे मिळतात, बहुधा टायटॅनोसॉर जातीच्या अजस्र डायनोसॉरांच्या. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी त्या गोळ्यांतून गवताच्या पेशींत साठणारे सिलिकाचे सूक्ष्म कण, म्हणजे फायटोलिथ, बाहेर काढले. तोवर समज असा की गवत डायनोसॉरनंतरचं. महाराष्ट्रातल्या शेणाने तो मोडला. २०११ मध्ये त्याच कामातून भाताच्या कुळाजवळचे प्रकारही तेव्हा होते असं पुढे आलं. आजऱ्याच्या घनसाळ भाताची भाऊबंदकी इतकी जुनी!

हा प्रयोग कोल्हापूर जिल्ह्यातली कुठलीही शाळा करू शकते, आणि आश्चर्य म्हणजे कुणी करत नाही. उसाचं पाल्याचं पान घ्या. तोडणीवाल्यांचे हात ज्या कडांनी कापतात त्या कडा फायटोलिथनेच धारदार झालेल्या असतात. वीतभर तुकडा ब्रशने घासून तीन पाण्यांनी धुवा. हे नीट केलं नाही तर पुढे सूक्ष्मदर्शकात शेतातल्या मातीचे कण दिसतात आणि तेच फायटोलिथ समजून चित्र काढलं जातं. वाळवून चिनी मातीच्या मुशीत जाळा. राख काळी राहिली तर कार्बन शिल्लक आहे, करडी-पांढरी होईपर्यंत तापवा. भट्टीइतकी आच मात्र नको. फार तापलं तर राखेतल्या पोटॅशमुळे सिलिका वितळून कण एकमेकांना चिकटतात, साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये बगॅसची राख धरते तसे. थंड झाल्यावर शिक्षकांनी स्वतः, मुलांनी नव्हे, पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-सहा थेंब टाकावेत. फसफस थांबली की पाणी घालून गाळ बसू द्या, वरचं पाणी ओता, असं तीनदा. उरलेल्या गाळाचा एक थेंब काचपट्टीवर.

आता एक बारकावा. सवयीने ग्लिसरीन घालू नका. फायटोलिथ आणि ग्लिसरीन यांच्यातून प्रकाश जवळजवळ सारखाच वळतो, त्यामुळे कण असून दिसेनासे होतात. साधं पाणी ठेवा, सूक्ष्मदर्शकाची झडप अर्धी बंद करून उजेड कमी करा, आणि ४०० पट वर्धनावर बघा. उसात, मक्यात, जोंधळ्यात डमरूच्या आकाराचे कण दिसतात. भाताच्या पानातल्या डमरूची टोकं खोलगट खुडल्यासारखी असतात. तीन पिकांच्या तीन काचपट्ट्या नाव झाकून ठेवा आणि कुठली कशाची ते मुलांना ओळखायला लावा. पिसदुऱ्याच्या गोळ्यांवर शास्त्रज्ञांनी केलं ते हेच. फरक एवढाच की त्यांच्याकडे काचपट्टीवर नाव झाकलेलं नव्हतं, नावच नव्हतं.

ओळख पटवण्यात मोठी माणसंही चुकतात, आणि हेही शिकवायला हवं. २०२१ मध्ये भीमबेटकाच्या गुहेतल्या भिंतीवर डिकिन्सोनिया हा ५५ कोटी वर्षांपूर्वीचा जीव सापडल्याचं प्रसिद्ध झालं. भारतातला पहिलाच, म्हणून गाजावाजा झाला. २०२३ मध्ये दुसऱ्या चमूने त्या जागी जाऊन पाहिलं तर ‘जीवाश्म’ भिंतीवरून सोलून निघत होता, मेणाचे अंश होते, शेजारी मोहोळं होती. ते कुजलेलं आग्या मोहोळ निघालं. मूळ शोधनिबंधाचे ग्रेगरी रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली. पन्हाळ्याच्या कड्यांवर मोहोळं बघत वाढलेल्या पोराला ते फोटो दाखवले असते तर त्याने कदाचित पहिल्याच दिवशी शंका काढली असती.

प्रामाणिक चूक अशी दोन वर्षांत सुधारते. लबाडी पकडायला जास्त वेळ लागतो. पंजाब विद्यापीठाचे विश्वजीत गुप्ता यांनी पंचवीस वर्षं हिमालयातले म्हणून जे जीवाश्म प्रसिद्ध केले, त्यांतले कित्येक हुबेहूब मोरोक्कोतल्या आणि अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातल्या नमुन्यांसारखे आहेत, हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. पकडलं कशावरून? जीवाश्म खरेच होते, त्यांचा पत्ता खोटा होता. शेजारच्या खडकाशी, बरोबरच्या जीवांशी त्यांचा मेळ बसेना. ब्रह्मपुरीची टेकडी माहीत असलेल्या कोल्हापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षितांनी तिथे खणलं. तिथल्या वस्तूंना मोल आलं ते कुठल्या थरात, कशाशेजारी सापडल्या या नोंदींमुळे. ब्रह्मपुरीचीच, आता टाउन हॉलच्या संग्रहालयात असलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती नुसती बाजारात मिळाली असती तर शोभेची परदेशी वस्तू ठरली असती. जीवाश्माचंही तसंच आहे. पत्ता गेला की तो दगड.

म्हणून सहलीत दगड गोळा करायला शिकवण्याआधी चिठ्ठी लिहायला शिकवा. क्रमांक, जागा, कुठल्या थरात आणि ओळखीच्या खुणेपासून किती हात वर-खाली, वरची बाजू कुठली, तारीख, उचलणाऱ्याचं नाव. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, बॉलपेन ओलीत पसरतं. एक पिशवीच्या आत, एक बाहेर. उचलण्याआधी शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो, त्याचा व्यास २७ मिलिमीटर, मोजमापाला तेवढं चालतं.

चिठ्ठी टिकली तर काय होतं बघा. धनंजय मोहबे यांनी १९८० च्या दशकात गुजरातच्या ढोली डुंगरीहून डायनोसॉरच्या घरट्याचा एक दगड आणला. २००१ मध्ये जेफ्री विल्सन यांना त्यात सापाचे मणके दिसले. २०१० मध्ये सानाजेह इंडिकस हा अंड्यांशेजारी वेटोळं घातलेला साडेतीन मीटरचा साप जगाला कळला. कच्छच्या पानंध्रो लिग्नाइट खाणीतले मणके २००५ मध्ये मिळाले, बराच काळ मगरीचे समजून पडून राहिले, आणि २०२४ मध्ये देबजित दत्ता आणि सुनील बाजपेयी यांनी ते ४.७ कोटी वर्षांपूर्वीच्या वासुकी इंडिकसचे, ११ ते १५ मीटर लांबीच्या अंदाजाच्या सापाचे ठरवले. तिसरं उदाहरण मला सगळ्यांत आवडतं. ए. रंगा राव यांनी जम्मूतल्या कालाकोटमधून गोळा केलेले दगड त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने जपले आणि हान्स थेविसेन यांच्या हवाली केले. दगड साफ करताना एक कवटी चुकून फुटली आणि आतला कानाचा जाड भाग उघडा पडला. असा कान देवमाशांचा असतो. २००७ मध्ये इंडोहायस, हा मांजराएवढा खुरांचा प्राणी, देवमाशांचा अगदी जवळचा नातलग म्हणून पुढे आला. पेरिपॅटसच्या जागी धड्यात हा का नाही? तो भारतातला आहे, त्याच्यानंतरच्या देवमाशांचे सांगाडे कच्छमध्ये आहेत, आणि तो खरोखरचा जुना आहे.

आपल्याकडच्या जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांतही दगडांचे संच आहेत, बहुतेकांच्या चिठ्ठ्या वाळवीने खाल्लेल्या किंवा गळून पडलेल्या. त्यांची यादी करायला कायद्याची गरज नाही, एक उन्हाळी सुट्टी आणि चार विद्यार्थी पुरतात. जीवाश्मांच्या जतनासाठी केंद्राने २०२२ च्या अखेरीस विधेयकाचा मसुदा काढला होता. त्याचं पुढे जे व्हायचं ते होवो, कपाट उघडायला दिल्लीचं पत्र लागत नाही.

आक्षेप येतील. पहिला दशावताराचा: मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, आमच्याकडे उत्क्रांती आधीच सांगितलेली आहे. पुराणकथेची श्रद्धा आहे तिथे असू द्यावी. पण तिला उत्क्रांतीचा पुरावा म्हणून वर्गात आणलं की तिचीही फरफट होते. कासव उभयचर नाही, सरीसृप आहे. उत्क्रांती जिन्यासारखी एकामागून एक पायरी चढत नाही, वडाच्या पारंब्यांसारखी फुटत जाते. आणि मुख्य म्हणजे पुरावा तो, जो चुकीचा ठरू शकतो. नील शुबिन आणि सहकाऱ्यांनी आधी ठरवलं की मासे आणि चौपाद यांच्यामधला जीव हवा असेल तर सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा नदीचा गाळ शोधायला हवा. तसे खडक कॅनडाच्या उत्तर टोकाला आहेत हे नकाशावर पाहिलं, मोसमामागून मोसम रिकाम्या हातांनी काढले, आणि २००४ मध्ये टिकटालिक मिळाला. तो मिळाला नसता तर त्यांचा अंदाज पडला असता. कथेला ही जोखीम नसते, घ्यायचीही नसते.

दुसरा आक्षेप: माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलंय? २०१८ मध्ये एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी औरंगाबादेत असंच म्हटलं होतं. पन्हाळ्याचा लाव्हा निवतानाही कुणी पाहिला नाही, तरी तो लाव्हाच आहे याबद्दल त्या मंत्र्यांनाही शंका नसावी.

तिसरा आक्षेप खरा आहे: शिक्षकांना वेळ नाही, सहलीला परवानगी लागते, बस लागते. मान्य. म्हणून अर्ध्या दिवसाचंच बघू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. पावसाळ्यात कड्याखाली मुलांना उभं करणं हा गुन्हा आहे. जांभ्यातून मुरलेलं पाणी खालच्या चिकण थरावर अडतं आणि वरचा भाग घसरतो. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला होता हे विसरू नये. चाळीस मुलं, आठाआठांचे पाच गट, गटाला एक टेप, एक दहापट भिंग, एक वही. हातोडा अजिबात नाही: किल्ला संरक्षित आहे, आणि बघायचं ते फोडल्याशिवाय दिसतं. अत्तर आणि धूर नको, मोहोळांमुळे. फोनवरच्या उंचीवर विसंबू नका. दोन फोन शेजारी धरले तरी आकड्यांत बरीच तफावत निघते, म्हणून पायथ्याच्या एका खुणेपासून टेपने आणि दोरीने मोजा. वाहनांच्या बाजूला एक शिक्षक कायम उभा. प्रत्येक गटाने एकाच प्रवाहाचा तळ, मधला भाग, माथा आणि तांबडा पट्टा कागदावर मापाने काढायचा. पाच गटांची चित्रं शाळेत येऊन एकाखाली एक जोडायची. ती जुळत नाहीत. का जुळली नाहीत यावर पुढचे दोन तास घालवा, तोच धडा.

हाडांचे, कवट्यांचे नमुने नसल्याची रड असते. शाहूपुरी कुंभार गल्लीत आणि बापट कॅम्पात रबरी साच्यातून प्लास्टर ओतणारे हात आहेत. साच्याला साबणपाणी लावणं, पाण्यात पूड सोडणं (पुडीत पाणी नव्हे, गुठळ्या होतात), साधारण दोन भाग पूड एक भाग पाणी, साचा ठोकून बुडबुडे काढणं, हे त्यांना शिकवावं लागत नाही. गणपतीचा हंगाम संपल्यावर शिंपल्याची, मगरीच्या दाताची प्रतिकृती त्यांच्याकडून करून घेतली तर दोघांचं भलं.

घाट रुंद करताना कडा सिमेंटने लिंपायची वेळ आली, तर तांबडा पट्टा दिसणारा दहा-पंधरा मीटरचा तुकडा उघडा ठेवून जाळी मारावी आणि मराठी फलक लावावा, एवढं सार्वजनिक बांधकाम खात्याकडे मागता येईल. किल्ल्याच्या फलकांवर बुरुजांची नावं आहेत. बुरूज ज्या दगडावर उभे आहेत त्याच्यासाठी एक फलक जड नाही.

पण मंडळाने प्रश्न बदलला नाही तर यातलं काहीच होणार नाही, कारण जे विचारलं जात नाही ते शिकवलं जात नाही. ‘पेरिपॅटसला जोडणारा दुवा का म्हणतात?’ हा प्रश्न काढून टाकावा. त्याऐवजी असा विचारावा: ‘घाटातल्या एका कड्यात लाव्हाच्या थराचं आर्गॉनने काढलेलं वय ६.५८ कोटी वर्षं आलं. त्याच्या लगेच वरच्या तांबड्या पट्ट्यातल्या झिरकॉनचं वय ६.६२ कोटी वर्षं आलं. वरचा थर खालच्यापेक्षा जुना कसा? दोन शक्य कारणं लिहा आणि कुठलं खरं ते ठरवायला तुम्ही काय कराल ते सांगा. (गुण ५)’